अडीच घरांचा स्वार

बुद्धिबळाच्या पटावर हत्तीचें आणि वजिराचें बळ नवशिक्याच्याहि डोळ्यांस दिसतें. वाट मोकळी असली कीं हत्ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धांवतो. वजीर तर आठहि दिशांस फिरतो. घोड्याचें तसें नाहीं. तो अडीच घरें चालतो, वांकडा चालतो आणि एका खेळींत फार दूर जात नाहीं. असें असूनहि राजा आपल्याच मोहऱ्यांच्या गर्दींत अडकून मरतो अशा डावांचा शेवट पुष्कळदां घोड्याच्याच उडीनें होतो. हें कसें घडतें, आणि या मोहऱ्याचा अभ्यास महाराष्ट्रीय पंडितांनीं व खेळाडूंनीं कसकसा केला, हें पाहणें मनोरंजक तर आहेच, पण बोधप्रदहि आहे.

चतुरंग या नांवांतच हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या सैन्याच्या चार अंगांचा उल्लेख आहे. हा खेळ भारतांतून इराणांत गेला, इराणांतून अरबांकडे आणि अरबांकडून युरोपांत. या लांबच्या प्रवासांत पुष्कळ मोहऱ्यांचीं नांवें पालटलीं आणि चालीहि पालटल्या. जुन्या खेळांतला मंत्री तिरकस एकच घर सरकत असे. आज ज्याला मराठींत उंट म्हणतात त्याची चालहि तोकडी होती. १५ व्या शतकाच्या अखेरीस युरोपांत या दोघांना आजची लांब चाल मिळाली, आणि खेळाचा सारा वेगच वाढला. घोडा मात्र होता तसाच राहिला. संस्कृतांत तो अश्व, फारशींत अस्प, अरबींत फरस. नांव बदललें तरी अर्थ घोडाच, आणि चालहि तीच. मराठी खेळाडूच्या तोंडचे शह, मात, वजीर, प्यादें हे शब्द फारशी-अरबींतून आलेले आहेत; घोडा आणि हत्ती हे दोन शब्द घरचे आहेत.

मात्र चाल न बदलल्यामुळें घोड्याचा मान उतरला. मंत्री आणि गज दुबळे होते तोंवर हत्तीच्या खालोखाल घोडाच बलवान् होता. ते दोघे लांब पल्ल्याचे झाले आणि घोडा मागें पडला. आजच्या हिशेबानें वजिराची किंमत नऊ प्याद्यांएवढी, हत्तीची पांचांएवढी, आणि घोड्याची उंटाइतकीच, म्हणजे तीन प्याद्यांएवढी धरतात. परंतु हा हिशेब मोहऱ्याचा झाला. तो ज्या घरावर उभा आहे त्या घराचा नव्हे. घोड्याचा इतिहास समजून घ्यावयाचा तर हा भेद प्रथम ध्यानांत घेतला पाहिजे.

घोड्याच्या चालीनें आपल्याकडील पंडितांस फार पूर्वींच मोहिनी घातली. ९ व्या शतकांतील काश्मिरी आलंकारिक रुद्रट यानें आपल्या ‘काव्यालंकारां’त तुरगपद नांवाचा चित्रबंध दिला आहे. अर्ध्या पटाचीं बत्तीस घरें घेऊन प्रत्येक घरांत एकेक अक्षर मांडावयाचें; मग तीं अक्षरें सरळ ओळीनें वाचलीं काय किंवा घोड्याच्या उड्यांच्या क्रमानें वाचलीं काय, श्लोक एकच निघतो. पुढें १२ व्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें ‘मानसोल्लास’ हा प्रचंड ग्रंथ रचला, व त्यांत राजाच्या करमणुकींमध्यें चतुरंगाचेंहि वर्णन केलें. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात असा जो उल्लेख मराठीचे अभ्यासक नेहमीं दाखवितात, तो याच ग्रंथांतला. म्हणजे दख्खनच्या एकाच राजग्रंथांत मराठी ओवीचीहि नोंद आहे आणि बुद्धिबळाच्या पटाचीहि.

परंतु घोड्यासंबंधीं महाराष्ट्राशीं सर्वांत जवळचें नातें सांगणारा ग्रंथकार म्हणजे नीलकंठ भट्ट. पैठणचें हें भट्ट घराणें १६ व्या शतकांत काशीस जाऊन स्थायिक झालें. नारायण भट्टांनीं या घराण्याची कीर्ति सर्व हिंदुस्थानांत पसरविली. त्यांचे पुत्र शंकर भट्ट, आणि शंकर भट्टांचे पुत्र नीलकंठ. १६७४ मध्यें रायगडावर शिवाजी महाराजांस राज्याभिषेक करणारे गागाभट्ट हे याच घराण्यांतले. नीलकंठ हे नात्यानें त्यांचे चुलत चुलते. १७ व्या शतकाच्या पूर्वार्धांत भगवंतदेव नांवाच्या राजाच्या आश्रयानें नीलकंठांनीं ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा धर्मग्रंथ लिहिला. त्यांतला ‘व्यवहारमयूख’ वारसाहक्काच्या प्रश्नांत मुंबई इलाख्यांतील न्यायालयें प्रमाण मानीत असत, हें पुष्कळांस माहीत असतें. पण त्याच ग्रंथाच्या ‘नीतिमयूखां’त बुद्धिबळाचें प्रकरण आहे, हें थोड्यांना माहीत असतें. घोड्याला पटावरील चौसष्टहि घरांवरून, कोणत्याहि घरावर दुसऱ्यांदा पाय न ठेवतां, कसें फिरवावें याच्या रीती नीलकंठांनीं तेथें दिल्या आहेत. युरोपांतील थोर गणिती ऑयलर यानें १७५९ मध्यें हाच प्रश्न गणिताच्या दृष्टीनें हाताळला. म्हणजे वारसाचे वाटे ठरविणाऱ्या शास्त्र्यानें त्याच्यापूर्वीं शंभर वर्षांहून अधिक काळ घोड्याची ही पटप्रदक्षिणा लिहून ठेवली होती.

या प्रदक्षिणेवरून एक गोष्ट सिद्ध होते. घोडा पटावरील कोणत्याहि घरीं पोंचूं शकतो. उंटाला जन्मभर एकाच रंगाच्या घरांवर राहावें लागतें. घोडा प्रत्येक उडीस रंग बदलतो. पण पोंचूं शकणें निराळें आणि वेळेवर पोंचणें निराळें. अगदीं शेजारच्या घरीं जाण्यास घोड्याला तीन उड्या लागतात. मोकळ्या पटावर तिरकस दोन घरें पलीकडे जावयाचें तर चार. म्हणूनच घोड्याचा शह चुकविणारा अनुभवी खेळाडू आपला राजा घोड्यापासून तिरकस दोन घरांवर नेऊन ठेवतो. तेथें त्याला बराच श्वास घेतां येतो. जवळ असून दूर असणें हें घोड्याचें वैगुण्य आहे, आणि ज्याला हल्ला करावयाचा आहे त्यानें तें आधींच हिशेबांत धरावें लागतें.

घराचें महत्त्व आंकड्यांनींच पाहावें. घोडा कोपऱ्यांत उभा असला तर त्याच्या माऱ्यांत दोनच घरें येतात. कडेच्या ओळीवर तीं तीन किंवा चार होतात, आणि पटाच्या मध्यभागीं आठ. मोहरा तोच, पण कोपऱ्यांतल्यापेक्षां मधला घोडा चौपट बळाचा झाला. हत्तीचें असें होत नाहीं. रिकाम्या पटावर तो कोठेंहि उभा केला तरी चौदाच घरें मारतो. आणखी एक चमत्कार असा कीं, दोन घोडे मध्यभागीं शेजारी-शेजारी उभे केले तर ते निरनिराळीं सोळा घरें राखतात, कारण एक काळ्या घरांवर मारतो तेव्हां दुसरा पांढऱ्या घरांवर. तेच दोन घोडे एकमेकांना जोर देत उभे केले तर प्रत्येकाची एक उडी दुसऱ्याच्या रक्षणांतच खर्ची पडते. नवशिक्याला ही दुसरी मांडणी सुरक्षित वाटते. हल्ला करणारा पहिली पसंत करतो.

आतां देशी खेळाकडे वळूं या. आपल्या जुन्या पद्धतींत प्यादें बहुधा एकेकच घर पुढें सरकत असे, आणि किल्लेकोट करण्याची आजची रीत नव्हती. त्याऐवजीं राजाला, शह लागलेला नसल्यास, डावांत एकदां घोड्याप्रमाणें अडीच घरें उडी मारण्याची मुभा असे. संकटाची चाहूल लागतांच राजानेंहि स्वाराची चाल उसनी घ्यावी, ही कल्पना घोड्यावर राज्यें मिळविणाऱ्या आणि घोड्यावरूनच जीव वांचविणाऱ्या समाजाला सहज पटण्यासारखी होती. प्यादीं हळू चालत असल्यामुळें उंट, हत्ती आणि वजीर यांच्या वाटा लवकर मोकळ्या होत नसत. अशा बंद पटावर आपल्या प्याद्यांच्या डोक्यावरून उडी मारून बाहेर पडणारा घोडा हाच पहिल्या फळींतला योद्धा होता.

विलायती पद्धतीचा आणि या देशी परंपरेचा संबंध जुळविणारें एक पुस्तक दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या अमदानींत, सन १८१४ मध्यें, मुंबईस इंग्रजींत छापलें गेलें. त्याचे कर्ते त्रिवेंगडाचार्य शास्त्री. मूळ संस्कृतांत रचलेल्या आपल्या बुद्धिबळग्रंथाचें त्यांनीं हें भाषांतर केलें, तें युरोपीय खेळाच्या नियमांस जुळतील असे डाव घालून. त्यांत शिकणाऱ्याची बुद्धि कसाला लागेल अशा कठीण स्थिति मुख्यतः दिल्या आहेत. चार वर्षांनीं, १८१८ मध्यें, पेशवाई बुडाली. राज्य गेलें, पण पटावरची विद्या परक्या नियमांतहि टिकूं शकते, असा भरंवसा या शास्त्र्यांनीं आधींच दाखवून ठेवला होता.

त्या भरंवशाची कसोटी पुढें कलकत्त्यास लागली. जॉन कॉक्रेन हा नामांकित स्कॉटिश खेळाडू तेथें बॅरिस्टर होता. महेशचंद्र बॅनर्जी या बंगाली खेळाडूशीं त्याचे शेंकडों डाव झाले. १८४८ मधील एका डावांत कॉक्रेननें चौथ्याच खेळीस आपला घोडा काळ्या राजाच्या शेजारचें उंटापुढचें प्यादें मारून बळी दिला. राजानें घोडा मारला. कॉक्रेनला घोड्याच्या मोबदल्यांत दोन प्यादीं मिळालीं, आणि काळ्या राजाचा किल्लेकोट कायमचा हुकला. हा प्रकार आजहि कॉक्रेनच्या नांवानें ओळखला जातो. येथें घोडा जागा धरण्यासाठीं पुढें गेला नाहीं. शत्रूच्या राजाची जागा मोडण्यासाठीं गेला.

चांगल्या ठिकाणीं बसलेल्या घोड्यांनीं डाव कसा जिंकावा याचा सर्वांत प्रसिद्ध धडा मात्र १८ व्या शतकांतल्या पॅरिसचा आहे. फिलिदोरचा गुरु लेगाल याच्या नांवानें तो चालत आला आहे. श्रोत्यांनीं पट समोर मांडला तर तो अधिक नीट समजेल. पांढऱ्याचे दोन्ही घोडे बाहेर पडून आपापल्या उंटाच्या उभ्या ओळींत तिसऱ्या घरावर उभे आहेत, आणि त्याचा राजाकडचा उंट काळ्या राजाशेजारच्या नाजूक प्याद्यावर नजर ठेवून आहे. काळ्यानें आपल्या उंटानें राजाकडचा घोडा अडकविला आहे. तो हलला तर मागचा वजीर मारला जाणार. काळ्याला वाटतें, घोडा आतां जागचा हलणार नाहीं. पांढरा घोडा हलतो, मधलें प्यादें मारतो, आणि वजीर उघडा टाकतो. काळा उंट वजीर मारतो. मग पांढरा उंट राजाशेजारचें प्यादें मारून शह देतो. राजाला पुढें सरकण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं, आणि दुसरा घोडा मध्यभागीं उडी घेऊन मात करतो. काळ्याच्या हातीं वजीर आहे. पण एक घोडा उंटाला जोर देतो व राजाची एक वाट अडवितो, दुसरा शह देऊन दुसरी वाट अडवितो, आणि बाकीचीं घरें एक तर पांढऱ्या उंटाच्या माऱ्यांत आहेत, नाहीं तर काळ्याच्या स्वतःच्याच मोहऱ्यांनीं भरलेलीं आहेत.

हा डाव वाचून पुष्कळजण वजीर बळी देण्याची घाई करतात आणि हरतात. कारण या चालीला एक अट आहे. त्या मधल्या प्याद्याला काळ्या घोड्याचा जोर असता, तर पांढऱ्या घोड्यानें तें मारतांच काळा घोडा त्याला मारून मोकळा झाला असता, आणि मागचा वजीरहि वांचला असता. पण मग उरलें काय? एक घोडा फुकट गेला. म्हणून हल्ला करणाऱ्यानें आपले घोडे कोठें आहेत एवढेंच पाहून भागत नाहीं. शत्रूचे घोडे कोठें नाहींत हेंहि पाहिलें पाहिजे.

घोड्याच्या हल्ल्याचें खरें मर्म त्याच्या शहांत आहे. हत्ती, उंट किंवा वजीर यांनीं दुरून दिलेला शह मध्यें मोहरा घालून थोपवितां येतो. घोड्याचा शह थोपवितां येत नाहीं; एक तर घोडा मारावा लागतो किंवा राजा हलवावा लागतो. राजा कोपऱ्यांत आपल्याच हत्ती-प्याद्यांनीं वेढलेला असला आणि घोड्याला मारणारें कोणी नसलें, तर तो शह हीच मात होते. स्पेनमधील लुसेना याच्या १४९७ च्या ग्रंथांत अशा मातीचें उदाहरण आहे: प्रथम वजीर बळी देऊन शत्रूचा हत्ती राजाच्या शेजारीं आणावयाचा, आणि मग घोड्यानें कोंडलेल्या राजाला संपवावयाचें. राजाभोवतीं पहारा वाढवावा तसतसा त्याचा श्वास कोंडत जातो, हें या मातीइतकें स्पष्ट दुसऱ्या कशांत दिसत नाहीं.

याहून खोल असा धडा १९१४ मध्यें सेंट पीटर्सबर्ग येथें मिळाला. जगज्जेता लास्कर आणि तरुण कापाब्लांका यांच्या त्या डावांत वजिरांची मारामारी आरंभींच उरकली. वजीर नाहींत म्हणजे हल्ला नाहीं, असा सर्वसाधारण समज. लास्करनें बाराव्या खेळीस राजाकडच्या उंटापुढचें प्यादें पांचव्या घरावर ढकललें. या खेळीनें त्याच्या राजापुढचें प्यादें मागें राहून दुबळें झालें, म्हणून जाणत्यांनीं नाकें मुरडलीं. पण त्या पुढें गेलेल्या प्याद्यानें शेजारच्या ओळींतील सहाव्या घराला जोर मिळाला होता, आणि सोळाव्या खेळीस लास्करचा घोडा त्या घरावर जाऊन बसला. शत्रूच्या मुलखांत ठाणें घालून बसलेल्या त्या घोड्यानें काळ्या हत्तींचे हातपाय बांधून टाकले. पस्तिसाव्या खेळीस लास्करनें तेंच दुबळें म्हटलेलें प्यादें पुढें ढकलून बळी दिलें, तें केवळ दुसऱ्या घोड्याला त्याचें घर मोकळें व्हावें म्हणून. बेचाळिसाव्या खेळीस डाव संपला. शेवटची खेळीहि घोड्याचीच होती. त्या स्पर्धेंत लास्कर अर्ध्या गुणानें पहिला आला.

या साऱ्या डावांवरून जें निघतें तें थोडक्यांत असें. घोडा एकट्यानें राजाला मात करूं शकत नाहीं. त्याला सोबत लागते. घोड्यासाठीं घर निवडावयाचें तें असें कीं, शत्रूच्या प्याद्याला तेथें त्याला हुसकतां येऊं नये, आणि आपल्या प्याद्याचा त्याला जोर असावा. तें घर मध्यभागीं किंवा शत्रूच्या राजाजवळ असावें, कडेला नसावें. आणि हल्ल्यापूर्वीं शत्रूच्या राजाचें रक्षण करणारा घोडा मारून, बदलून किंवा हुसकून दूर करावा. या चारांपैकीं एकहि गोष्ट घोड्याच्या अंगच्या बळाची नाहीं. चारहि गोष्टी जागेच्या आहेत, आणि ती जागा त्याला इतरांनीं मिळवून द्यावी लागते.

महाराष्ट्रानें नव्या नियमांत आपली जागा पुढें मिळविली. सांगलीसारख्या गांवीं बुद्धिबळाची परंपरा जिवंत राहिली, आणि १९५५ मध्यें पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली तेव्हां विजेतेपदाच्या दोन वांटेकऱ्यांपैकीं एक रामचंद्र सप्रे हे होते. स्त्रियांची कथा याहून उद्बोधक आहे. बुद्धि पुरुषांची आणि पटहि पुरुषांचा, हा समज फार काळ चालला. पुण्याजवळ मुठेच्या कांठीं हिंगणें बुद्रुक येथें, ज्याला आज कर्वेनगर म्हणतात, धोंडो केशव कर्वे यांनीं १९०० मध्यें आपला अनाथ बालिकाश्रम नेला. कर्वे हे फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक. दिवसभर कॉलेजांत शिकवावयाचें आणि शहराबाहेरची ती वाट पायीं तुडवून आश्रमांतल्या विधवांना व मुलींना शिकवावयाचें, असा त्यांचा क्रम होता. शहरांत मुलींच्या शिक्षणाला जी मोकळीक मिळत नव्हती ती त्यांनीं शहराबाहेरच्या माळावर मिळवून दिली. १९१६ मध्यें तेथेंच महिला विद्यापीठ उभें राहिलें.

कर्व्यांच्या आश्रमांतून बुद्धिबळपटू निघाले असें कोणी म्हणणार नाहीं. पण मुलींच्या बुद्धीला जागा मिळाली पाहिजे हा जो आग्रह त्या माळावर रुजला, त्याचीं फळें पटावरहि दिसलीं. १९७४ मध्यें भारतांतील पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनीं जिंकली. दोनच वर्षांनीं त्यांच्या धाकट्या भगिनी रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत उतरल्या. २००९ मध्यें पुण्याच्या सौम्या स्वामिनाथन कनिष्ठ गटांत मुलींच्या जगज्जेत्या झाल्या, आणि २०२५ मध्यें नागपूरच्या दिव्या देशमुख यांनीं महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर हा किताब मिळविला. चाल तीच होती, बुद्धिहि तीच होती. कोपऱ्यांतल्या घोड्याला दोनच घरें दिसतात म्हणून त्याला दुबळा ठरविणाऱ्या खेळाडूनें तो तेथें कोणी उभा केला, हें आधीं पाहावें.